ध्वनिमिश्रण समजून घेताना : कोल्हापुरातील गायक-वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवार पेठेतील आमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत भजनी मंडळे, शाहीर, शाळांचे समूहगीत गाणारे संघ आणि अधूनमधून एखादा रॅप गाणारा महाविद्यालयीन मुलगा असे सगळेच येतात. ध्वनिमुद्रण आटोपले की "आता मिक्सिंग म्हणजे तुम्ही नक्की काय करणार?" हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्यामागोमाग येणारे प्रश्नही बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवावीत, म्हणून हा प्रपंच.

मिक्सिंग म्हणजे नेमके काय?

वेगवेगळ्या मायक्रोफोनवर, बहुतेक वेळा वेगवेगळ्या दिवशी मुद्रित केलेले आवाज एकत्र वाजवून पाहायचे, त्यांतील प्रत्येकाची पातळी, नादाचा पोत, डावी-उजवी जागा आणि जवळ-लांबपणा ठरवायचा, आणि त्या सगळ्यांची मिळून डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांची एक फाइल तयार करायची, याला मिक्सिंग म्हणतात. कोणाला पुढे आणायचे हे ठरवणे सोपे असते; त्यासाठी कोणी मागे सरायचे हे ठरवण्यातच बहुतेक वेळ जातो.

कोल्हापूरकरांना हे सांगताना मी बोलपटांच्या सुरुवातीच्या दिवसांचे उदाहरण देतो. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये याच गावात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला जाण्यापूर्वी तिने इथे बोलपटही काढले. पार्श्वगायन रूढ होण्यापूर्वीच्या त्या काळात नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असे आणि साथीदार चौकटीच्या बाहेर बसून त्याच वेळी वाजवत असत. नंतर पातळी बदलण्याची सोय नसल्यामुळे तबला जास्त वाटला तर तबलजीलाच मायक्रोफोनपासून लांब बसवावे लागे. आज फेडर खाली ओढून आपण करतो ते काम तेव्हा सतरंजी मागे ओढून होत असे.

ट्रॅक, फेडर, बस आणि सेंड या शब्दांचा अर्थ काय?

एक पोवाडा डोळ्यांसमोर आणा. शाहिराचा आवाज, डफ, तुणतुणे, ढोलकी आणि तीन झीलकरी (शाहिराच्या मागे सूर धरणारे साथीदार) यांची मुद्रणे संगणकावर एकाखाली एक अशा सात आडव्या पट्ट्यांत दिसतात. त्यांतील प्रत्येक पट्टी म्हणजे ट्रॅक. त्याची पातळी वर-खाली करणारी सरकपट्टी म्हणजे फेडर. तिन्ही झीलकऱ्यांचे "जी जी रं जी" एकदम कमी-जास्त करता यावे म्हणून त्यांचे ट्रॅक आधी एका सामाईक वाटेवर आणतात आणि तिथून पुढे पाठवतात. ती वाट म्हणजे बस. सेंड म्हणजे ट्रॅकमधील आवाजाची एक प्रत दुसरीकडे, बहुधा रिव्हर्बकडे (आवाजाला घुमारा देणाऱ्या साधनाकडे), पाठवणारी तोटी. ती जितकी उघडाल तितका तो आवाज रिव्हर्बमध्ये भिजतो आणि मूळ ट्रॅक मात्र कोरडाच राहतो.

हे सगळे ज्या सॉफ्टवेअरमध्ये चालते त्याला आमच्या व्यवसायात 'डॉ' (डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात. रीपर, क्यूबेस, प्रो टूल्स, लॉजिक ही त्यांतील नेहमीची नावे. कोणते चांगले, यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक मला भेटतात. फेडर सगळ्यांत सारखाच सरकतो, एवढेच मी त्यांना सांगतो.

डेसिबल हे प्रमाण उणे आकड्यांत का दाखवतात?

डेसिबल हे मुळात गुणोत्तर आहे. कशाच्या तुलनेत मोजले हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. संगणकाच्या मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा. आवाज साठवायला त्याच्यावर जागाच नसते, म्हणून बाकीचे सगळे आकडे शून्याच्या खाली, म्हणजे उणे, येतात. फेडर ६ डेसिबलने खाली आणला की ध्वनिलहरीची उंची साधारण निम्मी होते. परंतु कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची घट लागते. नवशिक्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. मिक्सिंगमध्ये पुष्कळदा १ किंवा २ डेसिबलचाच फरक करायचा असतो, आणि तो एकट्या ट्रॅकवर ऐकू आला नाही तरी सगळी साथ चालू असताना स्पष्ट जाणवतो.

मुद्रण करताना पातळी किती ठेवावी?

सर्वांत मोठा क्षण उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी. "लाल दिव्याच्या अगदी जवळ ठेवा" हा सल्ला टेपच्या जमान्यातला आहे. तेव्हा पातळी कमी ठेवली तर टेपची सळसळ वर येत असे. १६ बिटच्या मुद्रणात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ९६ डेसिबल असते आणि २४ बिटमध्ये ते सुमारे १४४ होते. त्यामुळे २४ बिटवर मुद्रण करताना थोडे खाली राहण्याने काही गमावत नाही, उलट शाहिराने अचानक टाकलेली आरोळी वाचते. पातळी शून्यावर आदळली की लहरीचे शेंडे सपाट कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात. तशी फुटलेली आरोळी कोणतेही प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे पूरक साधन, पूर्ववत करून देत नाही.

मिक्सिंगची सुरुवात कोठून करावी?

फक्त फेडरपासून. सगळे फेडर खाली आणावेत, गाण्यात जे मुख्य आहे ते प्रथम वर घ्यावे आणि बाकीच्यांना एकेक करून, मुख्य आवाज झाकला जाणार नाही इतपतच, आत येऊ द्यावे. भजनात मी प्रथम गायक, मग पखवाज, मग पेटी आणि सर्वांत शेवटी टाळ घेतो. टाळ आधी घेतले तर कान त्यांच्या तीक्ष्णपणाला सरावतो आणि नंतर सगळेच मंद वाटू लागते. हा पहिला तोल वीस मिनिटांत साधला नाही, तर दोष बहुधा मुद्रणात किंवा वाद्यांच्या रचनेत असतो; तो प्लगइनांची रास लावून झाकत बसण्यापेक्षा एखादे वाद्य पुन्हा वाजवून घेणे स्वस्त पडते.

हे सगळे हळू आवाजात करावे. मोठ्या आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे ध्वनी तुलनेने अधिक ऐकू येतात, हळू आवाजात ते मागे पडतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. म्हणून मोठ्याने ऐकलेले मिक्स भरदार भासते आणि तेच घरी हळू लावले की पोकळ निघते. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल, इतक्या पातळीवर मी निम्म्याहून अधिक काम करतो.

ईक्यू काय करतो, आणि गायकाचा आवाज साथीत दबतो तेव्हा तो कसा वापरावा?

निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) ध्वनी ऐकू येतात. या पल्ल्यातील हवा तो भाग वाढवणारे किंवा कमी करणारे साधन म्हणजे ईक्यू. आपल्या गायकांना हर्ट्झपेक्षा पट्टी लवकर कळते, म्हणून तिथून सुरुवात करतो. पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावलेल्या पेटीवर काळी एकचा मधल्या सप्तकातील स्वर सुमारे २७७ हर्ट्झचा असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १३९. परंतु हा झाला केवळ मूळ स्वर. त्याच्यावर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे उपस्वर रचलेले असतात. आवाज ओळखीचा वाटतो तो त्यांच्यामुळे, आणि शब्द कळतात ते मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या भागातील व्यंजनांमुळे.

आता पेटीचा विचार करा. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग तोच स्वर धरतो. मूळ स्वरही तोच आणि उपस्वरही तेच, त्यामुळे "दोघांना वेगवेगळे पट्टे वाटून द्यावेत" हा पाश्चात्त्य वाद्यमेळासाठीचा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. अशा वेळी गायकाचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा पेटीचा २,५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग रुंद पट्ट्यात ३ डेसिबलने उतरवला की "विठ्ठल" मधील जोडाक्षर आपोआप मोकळे होते. एकटी पेटी ऐकली तर ती थोडी बोथट वाटेल. ती एकटी कोणी ऐकणार नसते.

तबल्याबाबत हात आखडता घ्यावा. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात, म्हणून त्यातून स्पष्ट सूर निघत नाही; तबल्यावरील शाईच्या भारामुळे ते मूळ स्वराच्या पटीत येतात आणि तबला सुरात बोलतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. शाई लावणाऱ्याने जमवलेला तो हिशेब ईक्यूने बेफिकिरीने कापला, तर तबला डब्यासारखा वाजू लागतो. तबला गायकाच्या षड्जाला लावलेला असल्यामुळे तो गाण्याला मुळातच आधार देत असतो. मी सहसा केवळ ६० हर्ट्झखालची घरघर काढतो आणि थांबतो.

मोबाइलवर डग्गा ऐकूच येत नाही. तो वाढवावा का?

वाढवू नये, निदान खर्जाचा भाग तरी नाही. मोबाइलचा चिमुकला स्पीकर दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली फारसे काही देऊच शकत नाही आणि डग्ग्याचा घुमारा शंभरच्या आसपास असतो. तिथे कितीही भर घातली तरी मोबाइल गप्पच राहील आणि मोटारीत मात्र काचा थरथरतील. उपाय दुसरा आहे. मूळ स्वर गाळून केवळ त्याचे उपस्वर ऐकवले, तरी मेंदू तो मूळ स्वर स्वतः भरून घेतो. म्हणून डग्ग्याला सॅच्युरेशनचा हलका हात द्यावा. सॅच्युरेशन म्हणजे लहर किंचित विरूप करून नवे उपस्वर निर्माण करणे. मग मोबाइलवर घुमारा 'आहे' असे वाटू लागते. प्रमाण चुकले तर डग्गा घोगरा होतो, तेव्हा जपून.

कॉम्प्रेसर म्हणजे काय? थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक आणि रिलीज एकदा नीट समजावून सांगाल का?

कॉम्प्रेसर म्हणजे फेडरवर ठेवलेला एक दक्ष हात. आवाज ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की तो खाली दाबतो आणि आवाज उतरला की सोडून देतो. उंबरठा म्हणजे थ्रेशोल्ड. उंबरठ्यावर गेलेल्या आवाजातला किती हिस्सा शिल्लक ठेवायचा, ते रेशो सांगतो. हिशेब करून पाहू. थ्रेशोल्ड उणे १८ आहे, रेशो चारास एक आहे आणि शाहिराचा आवाज उणे ६ पर्यंत चढला. तो उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेला. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३ डेसिबल, शिल्लक राहील आणि बाहेर येताना आवाज उणे १५ वर असेल. म्हणजे ९ डेसिबलची कपात झाली. गायनासाठी ही जरा जास्तच आहे. मी ३ ते ५ डेसिबलच्या कपातीवर समाधान मानतो आणि उरलेले चढ-उतार फेडरने, ओळीमागून ओळ, हाताने सावरतो. संगणक फेडरच्या त्या हालचाली लक्षात ठेवतो. त्याला ऑटोमेशन म्हणतात.

अटॅक म्हणजे तो हात किती लवकर पडतो आणि रिलीज म्हणजे किती लवकर उठतो. हे समजण्यासाठी हलगीइतके चांगले वाद्य नाही. हलगीच्या एका ठोक्यात आधी काडी कातड्यावर आदळल्याचा कडक 'कड्' येतो आणि मग कडे-कातड्याचा नाद. आमच्याकडे एका हलगीवर मी अटॅक १ मिलिसेकंद ठेवला तेव्हा तो 'कड्' पूर्ण खाल्ला गेला आणि वादक म्हणाला, "हलगी शेकायची राहिली वाटतं." थंड, सैल कातडे जसे वाजते, तशीच ती वाजत होती. तोच अटॅक २५ मिलिसेकंदांवर नेताच काडीचा आघात हात पडण्याआधी निसटून गेला आणि हलगी पुन्हा अंगावर आली. त्या ट्रॅकवर दुसरे काहीही बदलले नव्हते. रिलीजही जलद लयीत पुढच्या ठोक्याआधी सुटेल इतका आखूड ठेवावा लागतो, नाहीतर एकदा दाबलेली हलगी दबलेलीच राहते.

"स" आणि "च" कानाला का टोचतात?

ऊष्म व्यंजनांची बरीचशी शक्ती ५,००० ते ९,००० हर्ट्झच्या भागात असते आणि जवळून मुद्रण करणारे कंडेन्सर मायक्रोफोन नेमका तोच भाग उजळ करतात. मराठीत तर 'चांदणं', 'जावई', 'झाड' यांतील दंततालव्य च-ज-झ हेही 'स' च्या जोडीला येतात. केवळ तेवढ्याच क्षणी तो पट्टा दाबणारे साधन म्हणजे डी-एसर. त्याचा अतिरेक झाला तर पट्टीचा गायकही बोबडा वाटू लागतो. 'भवानी' मधील 'भ' ची हवा मायक्रोफोनवर आदळून होणारा 'भप्प' हा वेगळा दोष आहे. त्याला जाळीचा पॉप फिल्टर आणि चार बोटे जास्त अंतर, हेच औषध.

पॅन म्हणजे काय, आणि मोनोमध्ये ऐकून पाहा असे का सांगतात?

आवाज डाव्या आणि उजव्या स्पीकरमध्ये किती प्रमाणात वाटायचा ते पॅन ठरवतो. दोन्हीकडे सारखा गेला की तो मध्ये असल्याचा भास होतो. गायक आणि खर्जाची वाद्ये मध्ये ठेवावीत. झीलकरी, टाळ, तुणतुणे यांना बाजूला बसवावे. बैठकीत साथीदार जसे बसतात तसे डोळ्यांपुढे आणले की निम्मे निर्णय आपोआप होतात.

मोनो म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र करून एकाच स्पीकरवर ऐकणे. याबाबतची माझी फजिती सांगतो. एका भजनात पेटी छान पसरट वाटावी म्हणून मी तिचा डावा भाग उलट ध्रुवतेने लावला, म्हणजे त्याची लहर वरची खाली केली. हेडफोनवर पेटी डोक्याभोवती पसरली आणि मी खूश झालो. काही दिवसांनी तेच भजन एका देवळाच्या कर्ण्यावर लागले, तेव्हा त्यात पेटीच नव्हती. कर्णा मोनो, डावी लहर वर जात असताना उजवी खाली येत होती, त्यामुळे दोघींनी एकमेकींना पुसून टाकले. देवळांचे कर्णे, यात्रेतील ध्वनिक्षेपक, स्वस्तातले ब्लूटूथ स्पीकर यांतील पुष्कळ मोनोच असतात. तेव्हापासून मोनोचे बटण दाबून ऐकल्याशिवाय मी कोणतेही काम खोलीबाहेर सोडत नाही.

एकाच वाद्यावर दोन मायक्रोफोन लावले की हाच प्रश्न सौम्य रूपात येतो आणि त्याला फेजचा प्रश्न म्हणतात. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेवढे अंतर वाढले तरी दोन मुद्रणे एकत्र येताना काही कंप्रता गळतात आणि आवाज पोकळ होतो. एकाच खोलीत दोन वादक बसवताना मायक्रोफोन आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनमध्ये ठेवावे, हा जुना ठोकताळा त्यासाठीच आहे.

रिव्हर्ब किती द्यावा?

तो आहे हे लक्षात येणार नाही, पण काढला की चुकल्यासारखे होईल, इतका. रिव्हर्ब म्हणजे भिंती-छतावरून परतणाऱ्या असंख्य पडसादांचा एकत्र परिणाम. अंबाबाईच्या देवळातल्या दगडी मंडपात केलेला घंटानाद रेंगाळतो आणि वाकळी पसरलेल्या माजघरात टाळी जागीच मरते. या दोन टोकांमध्ये गाण्याला साजेशी जागा शोधायची असते. भक्तिगीत म्हटले की लोक सरसकट लांब रिव्हर्ब मागतात. संथ अभंगाला तो चालतो. जलद गजरात मात्र एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि नुसता कल्लोळ उरतो.

इथे प्री-डिले उपयोगी पडतो. मूळ आवाज आणि पहिला पडसाद यांच्यामध्ये ठेवलेली ती उसंत असते. २० मिलिसेकंदांत ध्वनी सुमारे सात मीटर जातो, म्हणजे साडेतीन मीटरवरच्या भिंतीवरून परत येण्याइतका तो वेळ झाला. तेवढी उसंत दिली की शब्द आधी कोरडा पोहोचतो आणि मागून मंडप उभा राहतो. डिले म्हणजे मोजून येणारा सुटा प्रतिध्वनी. तो लयीत बसवायचा असेल तर ६०,००० ला मिनिटातील मात्रांच्या संख्येने भागावे. १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते.

कणसूर लागलेली जागा संगणकावर सुरात आणता येते का?

येते. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आले आणि त्यानंतर अशी अनेक साधने निघाली. तरीही आपल्या संगीतात ते आपोआप चालू ठेवून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ही साधने मुळात सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरून स्वर जवळच्या घरात ढकलतात. दोन स्वरांमधून वाहत जाणारी मींड त्यांना चूक वाटते आणि तिच्या पायऱ्या पडतात. दरबारी रागातल्या आंदोलित, म्हणजे हेलकावणाऱ्या, गंधाराची तर पट्टीसारखी सरळ रेघ होते. एखादा ठेहराव घसरला असेल तर तेवढाच स्वर हाताने निवडून उचलावा. अख्ख्या ओळी उचलाव्या लागत असतील, तर गायकाला चहा पाजून दुसरा टेक घ्यावा.

मुद्रणात सतत घूं असा आवाज येतो. तो मिक्सिंगमध्ये जाईल का?

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा गुणगुणाट ५०, १००, १५० अशा पटीत येतो. अरुंद ईक्यूने तो बराच कमी होतो, पण १०० आणि १५० वर पुरुषी आवाजाचा गाभाही असल्याने तिथे फार कापता येत नाही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवावा, इन्व्हर्टर चालू असताना मुद्रण टाळावे, सगळी उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत. जुलैतल्या पावसात पत्र्याच्या छपराखाली केलेल्या मुद्रणाला मात्र इलाज नाही.

घरातली खोली मिक्सिंगसाठी कशी तयार करावी?

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नयेत; त्यांनी फक्त वरच्या ध्वनींमध्ये थोडा फरक पडतो आणि झुरळे येतात. खरी अडचण खर्जाची असते. आमच्याच खोलीचे उदाहरण घ्या. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर आणि बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. या दोन अंतरांमुळे साधारण ५६ आणि ४७ हर्ट्झचे ध्वनी भिंतींदरम्यान अडकून घुमतात. ते भिंतीलगत फुगतात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. खुर्ची मध्यावर असेल तर खर्ज कमी ऐकू येतो, आपण तो वाढवतो आणि बाहेर गाणे ढबढबते. म्हणून खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवावी, कोपऱ्यांत दाट रॉकवूलचे जाड गठ्ठे उभे करावेत आणि ओळखीची दोन-तीन चांगली गाणी याच खोलीत रोज ऐकून कान तिला सरावू द्यावा. स्पीकर महाग घेण्याआधी हे करावे.

कानांचीही निगा राखावी. ८५ डेसिबलवर आठ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी मिक्सिंगचे काम घेत नाही. कान अजून मिरवणुकीतच असतात.

मास्टरिंग वेगळे असते का? आमचे गाणे इतरांपेक्षा हळू का वाजते?

मिक्सिंगमध्ये प्रत्येक ट्रॅक हाताशी असतो. मास्टरिंगमध्ये तयार झालेली एकच फाइल असते आणि तिची एकूण पातळी, पोत व माध्यमानुसार स्वरूप ठरवले जाते. प्रत्यक्ष जाणवणारा मोठेपणा एलयूएफएस या एककात मोजतात. स्पॉटिफायवर गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला आणून ऐकवली जातात, यूट्यूबही त्याहून मोठी गाणी खाली आणते. म्हणजे लिमिटरने (आवाज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊच न देणाऱ्या साधनाने) ठेचून उणे ७ पर्यंत चढवलेले गाणे तिथे खाली ओढले जाते आणि त्याची हलगी तेवढी चपटी होऊन बसते. सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावे, कारण दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये शिखरे थोडी उसळतात. मिरवणुकीच्या ध्वनियंत्रणेसाठी वेगळी प्रत हवी असल्यास आधी सांगावे.

दुसरीकडे मुद्रित केलेले गाणे मिक्सिंगसाठी आणायचे असल्यास काय आणावे?

प्रत्येक ट्रॅकची २४ बिटची वेव्ह फाइल, सगळ्या एकाच क्षणापासून सुरू होणाऱ्या, वाद्य मध्येच सुरू होत असले तरी. नाहीतर ढोलकी कुठे बसवायची हे शोधण्यातच दिवस जातो. व्हिडिओसाठी असेल तर ४८,००० हर्ट्झचा नमुनादर (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांची संख्या) ठेवावा. एमपीथ्री आणू नये आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ऑडिओ म्हणून तर मुळीच पाठवू नये. लय, पट्टी आणि ताल एका कागदावर लिहून द्यावेत.

दुरुस्त्या किती वेळा करून मिळतात?

दोन वेळा. मंडळाने एकाच व्यक्तीमार्फत, मिनिट-सेकंदासह लेखी कळवावे. "मजा येत नाही" यापेक्षा "दुसऱ्या कडव्यात, १ मिनिट ४० सेकंदांवर, पखवाज शब्दांवर चढतो" असे लिहिले की काम पाच मिनिटांत होते. गायक, पेटीवाले आणि पखवाजवाले यांनी स्वतंत्रपणे फोन करून "माझं जरा वाढवा" असे सांगितले, तर मी तिघांनाही एकाच संध्याकाळी बोलावतो, तिघांचेही फेडर त्यांच्यासमोर ३ डेसिबलने वर नेतो आणि स्पीकरचा आवाज तितकाच कमी करून ऐकवतो. गाणे आधी होते तसेच ऐकू येते. मग कोणाचे खाली आणायचे, यावर बोलणे सुरू होते.